समोरच्या दारापर्यंतची माती

ओझेला प्रुइटनं जन्मात कुणावर हात उगारला नाही. तरी आमच्या कॉर्डेलिया गावात पस्तिशीच्या आतलं एक माणूस मला दाखवा, गोरं असो की काळं, जे तिच्यापुढं आवाज चढवून बोलेल. सगळी ती चालवायची त्या शाळेच्या बसमधून गेलेली. बस चालू असताना कुणी जागेवरून उठलं की ती आरशात नुसतं बघायची. फुटबॉल खेळणारी एवढाली दांडगी पोरं, पण मटकन खाली बसायची.

गोऱ्यांची शाळा आणि आमची शाळा एक झाली, त्या साली पहिल्या दिवशी कोपऱ्यावर गोरे आईबाप हाताची घडी घालून उभे होते. पोरांना काळ्या बाईच्या बसमध्ये चढवायचं की नाही, इथं त्यांचं घोडं अडलेलं. ओझेलानं दार उघडलं आणि म्हणाली, "चढायचं तर चढा, नाहीतर दार लावते. माशा आत येताहेत." चढली पोरं. ती बाईच तशी. एकदा तिनं ठरवलं की तिच्यापुढं डोकं आपटा, काही उपयोग नाही. मी आपटून बघितलंय.

मी अर्लीन टिब्स. प्रुइटांच्या शेजारचं घर माझं, आणि पुढच्या खोलीत बायकांचे केस करायचं माझं दुकान. शहाऐंशी सालच्या वसंतात ओझेलानं जे केलं ते गावात लोक आपापल्या मनानं तिखटमीठ लावून सांगतात, आणि ते ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड होतो. मी तिथं होते. माझी कंबर तेव्हापासून दुखते ती अजून दुखतेच आहे. तेव्हा माझ्याकडून ऐका.

थर्मन म्हणजे ओझेलाचा नवरा. धंदा गिलाव्याचा आणि रंगाचा. आमच्या गावची ती मोठ्या खांबांची पांढरी घरं, जी बघायला एप्रिलात बसगाड्या भरभरून लोक येतात, आणि ज्यांच्या दारात बायका घोळदार झगे घालून स्वागताला उभ्या राहतात, त्यांच्या आतल्या भिंती आणि छतावरची नक्षी थर्मनच्या हातची दुरुस्त केलेली. उत्तर-दक्षिणेच्या त्या जुन्या लढाईत ही घरं जळाली कशी नाहीत, असं विचारलं तर प्रत्येक घरातली बाई वेगळी गोष्ट सांगते, आणि प्रत्येक गोष्टीत तिचीच पणजी हुशार असते. ते जाऊ द्या. त्या घरांची पुढची दारं निम्म्याहून जास्त थर्मननंच रंगवलेली. असा चकचकीत काळा रंग, की त्यात बघून टोपी नीट करावी. पण त्या दारांतून तो कधी आत गेला नाही. शिडी खांद्यावर टाकून घराला वळसा घालायचा, मागच्या दारानं आत जायचा आणि दुपारी मक्याचा पाव मागच्या पायरीवर बसून खायचा.

म्हणून स्वतःच्या घरात त्यानं मागचं दार कधी वापरलं नाही. चुन्यानं भरलेले बूट घालून थेट समोरून, ओझेलानं नुकत्या पुसलेल्या जमिनीवरून.

"मागून येत जा ना रे मेल्या!" ती ओरडायची.

"मागून मी दुसऱ्यांच्या घरात जातो," तो म्हणायचा.

रोजचं होतं ते. मला माझ्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं.

घर त्याच्या आजोबांनी बांधलेलं. लहानच, पण समोरचा व्हरांडा फार देखणा. कातीव खांब, विटांच्या पायऱ्या. गावात जुन्या घरांची समिती झाली तेव्हा समितीच्या लोकांनी व्हरांड्याभोवती फिरून फिरून कौतुक केलं आणि दाराशेजारी पितळी पाटी ठोकली. तेव्हापासून त्या घराचा एक खिळा बदलायचा तरी समितीला विचारायचं. तेव्हा काही वाटलं नाही. पाटीचा मान मोठा वाटला.

पुढं थर्मनला झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली, पण टोमणे शाबूत राहिले. दवाखान्यातून आणला तेव्हा चौघांनी उचलून पायऱ्या चढवून आत ठेवला, तो चाकाच्या खुर्चीत बसला तो बसलाच. डॉक्टरांनी बजावलं होतं, ह्याला रोज बाहेर न्या, ऊन लागू द्या, माणसांत बसवा, नाहीतर उरलेली बाजूही जाईल. मागं तर काहीच अवघड नव्हतं. मागचा उंबरा गल्लीच्या बरोबरीनं, एक फळी टाकली की खुर्ची बाहेर.

"थर्मन, डॉक्टर काय म्हणाले ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"मग चल. गल्लीत नेते, जरा ऊन खा."

"मागून नाही."

"अरे, आता तुला कोण बघतंय?"

"मी बघतोय ना."

ओझेला माझ्याकडं येऊन थयथयाट करायची. "अर्लीन, त्या माणसाला मी एक दिवस खिडकीतून बाहेर फेकणार आहे. निदान बाहेर तरी जाईल!" तिनं आरडाओरडा केला, गोड बोलून बघितलं, त्याच्या आवडीची कॅटफिश तळून गल्लीत नेऊन ठेवली आणि वास आत जाऊ दिला. तो हलला नाही. दिवाळखोर झालेल्या सावकारासारखा खिडकीपाशी बसून राहायचा. मग हळूहळू त्यानं ताट परत पाठवायला सुरुवात केली. गालाची हाडं वर आली. मी शेजारीण, मला दिसत होतं, की हा माणूस असाच त्या खुर्चीत संपणार.

एका सकाळी ओझेला केस धुवायला आली. डोकं बेसिनमध्ये, डोळे छताकडं. म्हणाली, "त्याचं बरोबर आहे."

"कुणाचं?"

"थर्मनचं. चाळीस वर्षं तो लोकांच्या मागच्या दारानं गेला, आणि आता मी, त्याची बायको, त्याला त्याच्याच घरातून मागून काढू? नाही काढायची. समोर उतार बांधते."

"समिती बांधू देईल?"

"साबण धू, अर्लीन. डोळ्यात जातोय."

तिच्या भाच्यानं लाकूडही आणून ठेवलं. आम्ही दोघी समितीच्या बैठकीला गेलो. मधल्या खुर्चीत मिस ऑगस्टा रेनफ्रो. ऐंशीच्या घरातल्या, पण पाठ अशी ताठ की खुर्चीला टेकायच्या नाहीत. वाईट बाई नव्हेत, हे मी आधीच सांगते. जुनं रेल्वे स्टेशन पाडायला यंत्र आलं तेव्हा ह्याच बाई त्याच्यापुढं खुर्ची टाकून विणत बसल्या होत्या. पण हट्टी. ओझेलाला कुणी जोड असेल तर ह्याच. त्यांच्या शेजारी समितीचा वकील डॉनी स्पायव्ही, कोट घालून, भांग पाडून. तोही ओझेलाच्या बसमधला, तिसऱ्या बाकावरचा.

आमच्या आधी एक तक्रार होती. कुणा हॅचरबाईंनी घरापुढं मातीचा मोठा ढीग घालून त्यावर कॅमेलियाची झाडं लावली, त्यामुळं शेजाऱ्यांना म्हणे घराचे खांब दिसेनात. मिस ऑगस्टांनी हात झटकला. "माती आणि झाडं समितीकडं येत नाहीत. कधीच आली नाहीत, आणि माझ्या हयातीत येणार नाहीत." लोक हसले, कारण सगळ्यांना ठाऊक होतं. नियम केले तेव्हा गावच्या बागवाल्या बायकांनी सांगून टाकलं होतं, घराला रंग कुठला लावायचा ते पुरुषांनी ठरवलं तरी चालेल, पण अझेलिया कुठं लावायची ते कुणी ठरवायचं नाही. त्या बायकांची पुढारी मिस ऑगस्टाच.

मग आमचा नंबर. डॉनी उठून घसा साफ करून म्हणाला, "समोरच्या बाजूस उतार देता येत नाही. मागच्या बाजूस..."

"डॉनी," ओझेला म्हणाली, "तुला उभं राहायला कुणी सांगितलं?"

देवाशप्पथ, डॉनी बसला. वकील झालेला माणूस! सगळा हॉल हसला, मिस ऑगस्टांच्यासुद्धा ओठाचा कोपरा हलला.

"ओझेला," त्या म्हणाल्या, "त्या काळचा, कुणाचा हात न लागलेला असा व्हरांडा ह्या गावात तुझा एकटीचाच राहिलाय. त्याच्यापुढं मी फळ्यांचा सांगाडा उभा करू देणार नाही. मागून कर. मागून किती सोपं आहे!"

"मागून सोपं असतं ते आम्हाला माहीत आहे, मिस ऑगस्टा. पुष्कळ वर्षं आम्ही तिथूनच जात-येत होतो."

मिस ऑगस्टांचा चेहरा लाल झाला. "मला तसं म्हणायचं नव्हतं."

"नसेल. मग उतार?"

"नियम तोच आहे, ओझेला."

आम्ही बाहेर पडलो. मला वाटलं आता ही रडणार, मी पर्समधून रुमालही काढला. ओझेला पायरीवर थांबली आणि माझा दंड धरून म्हणाली, "ऐकलंस ना तू? माती त्यांच्याकडं येत नाही."

"मग?"

"मग माती."

मी कपाळाला हात लावला. त्या व्हरांड्यापासून फाटकापर्यंत खुर्ची उतरेल एवढा उतार मातीनं करायचा म्हणजे किती माती, ह्याचा काही विचार? आणि दोन म्हाताऱ्या बायका. पण ओझेलानं तोवर रस्ता ओलांडलाही होता.

त्याच महिन्यात आमच्या माउंट नेबो चर्चला नवे पास्टर आले होते, रेव्हरंड स्टोव्हॉल. नवा पास्टर आला की आमच्यात प्रत्येक घरानं त्याच्याकडं पौंडभर काहीतरी न्यायचं, साखर, पीठ, लोणी, कॉफी, म्हणजे बिचाऱ्याचं कोठीघर भरतं. त्याला आम्ही पाउंडिंग म्हणतो. रविवारी चर्चचा कारभार बघणाऱ्या डीकन हर्शेलनी त्याची तारीख सांगितली आणि ओझेला बाकावरून उठली.

"ह्या चर्चमध्ये आलेल्या एकूण एक पास्टरला मी पौंडभर साखर दिली," ती म्हणाली. "त्यातला एक तर वर्षाच्या आत पळाला, माझी साखर घेऊन. रेव्हरंड, तुमच्याबद्दल नाही बोलत. आता ह्या वेळी माझं पाउंडिंग करा. मला साखर नको, पीठ नको. ज्यानं त्यानं आपल्या अंगणातली माती आणा. आणि पौंडभर नको. बादल्या भरून आणा."

"माती?" डीकन हर्शेल म्हणाले. "सिस्टर ओझेला, माती कशाला गं?"

"थर्मनला समोरच्या दारानं बाहेर काढायचंय."

कुणी काही विचारलं नाही. आमच्या चर्चमध्ये जे पुरुष बसले होते त्यांच्यातल्या बहुतेकांनी त्या पांढऱ्या घरांत कधी ना कधी काम केलेलं, आणि त्या बायकांनीही. पहिल्यांदा रेव्हरंड स्टोव्हॉलच म्हणाले, "आमेन. माझी साखर राहू दे पुढच्या महिन्यासाठी. मीपण बादली आणतो."

शनिवारी सकाळपासून माती यायला लागली. बादल्यांतून, धुण्याच्या टबांतून, एकानं तर पाळण्यातल्या बाळाचा टब आणला. आमची लाल चिकणमाती, नदीकाठची वाळूची माती, कोंबड्यांच्या खुराड्यामागची काळी. मी माझ्या दुकानामागची आणली, त्यात केसांच्या पिना निघाल्या त्या निघाल्याच. "अर्लीन, हा उतार आहे की अंबाडा?" म्हणून बायकांनी माझी खेचली. डीकन हर्शेल गवंडी. त्यांनी सांगितलं की माती लाकडाला टेकली तर वाळवी व्हरांडा खाऊन टाकेल, म्हणून पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना आणि व्हरांड्यापुढं बोटभर जागा सोडून त्यांनी विटांची बुटकी कड रचली आणि वरच्या फटीवर टाकायला एक लोखंडी पत्रा आणला. पायऱ्यांवर गोणपाट पसरलं, मग माती. ती माती आम्ही पायांनी तुडवली, गाणी म्हणत.

थर्मन खिडकीतून बघत होता. "काय रे, जिवंतपणीच पुरताय का मला?"

"तुझ्यापुरती माती कुठून आणू?" ओझेला खालून ओरडली. "नुसत्या जिभेलाच गाडाभर लागेल!"

ढीग व्हरांड्याला पोचायच्या आतच बातमी पोचली. मिस ऑगस्टा काठी टेकत आल्या, मागं डॉनी.

"ओझेला, हा उतार आहे."

"बाग आहे, मिस ऑगस्टा."

"मला डोळे आहेत."

"मग शोधा बरं. फळी आहे? खांब आहे? माती समितीकडं येत नाही, तुम्हीच म्हणालात."

"आणि पायऱ्या?"

"आहेत तशाच आहेत खाली. अंगावर गोणपाट घालून झोपल्यात."

मिस ऑगस्टांनी डॉनीकडं बघितलं. डॉनीनं आपल्या बुटांकडं बघितलं. त्यांना कळलं होतं की आपणच लावलेल्या कुंपणात आपलाच झगा अडकलाय. त्या म्हणाल्या, "ठीक. बाग म्हणतेस ना? एप्रिलातल्या पहिल्या शनिवारी घरं बघायला लोक येतील, ते ह्याच रस्त्यानं जातील. त्या दिवशी मला इथं बाग दिसली पाहिजे, फुललेली. उघडी माती दिसली तर तो उतार आहे, आणि मी तो काढायला लावणार. लावेन मी, ओझेला, मला ओळखतेस तू."

"ओळखते," ओझेला म्हणाली.

आम्ही जोर लावला. मार्चच्या मध्यापर्यंत माती एक वळण घेऊन फाटकापर्यंत आली, थापून गुळगुळीत झाली. मी म्हटलं जिंकलो. आणि त्याच आठवड्यात वादळ आलं. दुपारभर असं झोडपलं की माझ्या दुकानाचा फलक उडून गेला. थांबल्यावर बाहेर येऊन बघते तर अर्धा उतार रस्त्यावर. लाल चिखलाचा लोंढा रस्ता ओलांडून थेट समोरच्या मिस ऑगस्टांच्या पांढऱ्या फाटकापर्यंत गेलेला. गोणपाट उघडं पडलेलं, त्यातून दोन पायऱ्या दात विचकत होत्या.

ओझेला व्हरांड्याच्या कडेला बसली होती, हात मांडीवर टाकून, चपला चिखलात. मी तिच्या शेजारी बसले. तिला तसं हात टाकून बसलेलं मी कधी बघितलं नव्हतं, तिची आई गेली तेव्हासुद्धा नाही.

"दोन आठवडे राहिलेत," ती म्हणाली. "अर्लीन, तो माझ्याच्यानं बाहेर निघत नाही गं."

तेवढ्यात खिडकीतून थर्मनचा आवाज आला. "अर्लीन! दुकानातले कापलेले केस कुठं टाकतेस?"

"मेल्या, ही वेळ आहे का?"

"टाकतेस कुठं?"

"कचऱ्यात. दुसरं काय करू, उशा भरू?"

"टाकू नकोस. गिलाव्यात केस घालतात, गाईचे, घोड्याचे. त्याशिवाय तो भिंतीला धरून राहील का? तुम्ही नुसती माती थापताय. ती कशाला राहते? केस घाला, चुना घाला, पाइनचा पाला बारीक करून घाला. आणि हाताएवढा थर झाला की वाळू द्या, मग दुसरा."

ओझेला उठली. खिडकीशी गेली. "तुला हे सगळं माहीत होतं?"

"हो."

"मग इतके दिवस तोंडात मिठाची गुळणी धरून बसलास?"

"मला कुणी विचारलं?"

ओझेलानं चिखलाचा गोळा उचलला आणि खिडकीवर मारला. काचेवर थप्पकन बसला. आतून थर्मन हसायला लागला, घरघर करत, वाकड्या तोंडानं, आणि मग तीही हसली. मी तिथंच चिखलात फतकल मारून रडले. का ते मला विचारू नका.

दुसऱ्या दिवसापासून मी केसाचं एक टोक फेकलं नाही. पलीकडच्या न्हाव्याकडून दोन पोती आणली. माउंट नेबोमधल्या प्रत्येक बाईचे केस त्या मातीत आहेत. म्हाताऱ्या मिस पर्लीचे निळी लावलेले केस, शनिवारी लग्न असलेल्या ग्लोरीचे, माझे, ओझेलाचे. थर्मनची खुर्ची आम्ही उघड्या दारात आणून ठेवली आणि तो तिथून हुकूम सोडायचा. "पातळ झालं!" "हर्शेल, थापी पाठीनं फिरव, टोकानं नको!" "रेव्हरंड, देवाचं नाव घ्या, पण हात चालवा!" दुपारी तो दोन ताटं जेवायला लागला. ओझेला ते बघायची आणि तिसरं पुढं करायची.

आता राहिली फुलं. आमच्याकडं वसंतात जमिनीलगत पसरणारं गुलाबी थ्रिफ्ट असतं, ते बायकांनी आपापल्या अंगणातून मुळासकट आणून दोन्ही कडांना लावलं. मधून मधून ओझेलानं कोलार्डची भाजी लावली. "बागेत भाजी कशाला?" मी म्हटलं. "बागेत मला काय लावायचं ते कुणी ठरवायचं नाही," ती म्हणाली. तरी वरच्या वळणावर जागा उघडीच राहिली, आणि कुणाच्याच अंगणात आता उपटायला थ्रिफ्ट उरलं नव्हतं. गुरुवारी सकाळी फाटकाशी लाकडाच्या दोन पाट्या ठेवलेल्या, त्यात थ्रिफ्ट, फुललेलं, पांढरं. पांढरं थ्रिफ्ट गावात एकाच बागेत होतं. सगळ्यांना माहीत होतं कुणाच्या.

"लावायचं?" मी विचारलं.

ओझेलानं कंबरेवर हात ठेवून एकदा पाट्यांकडं, एकदा रस्त्यापलीकडच्या पांढऱ्या फाटकाकडं बघितलं. "लाव. पण अगदी दारासमोर नको. कडेला."

शनिवार उजाडला. स्वच्छ ऊन. रस्त्यावर बसगाड्या लागल्या, बायका झगे सांभाळत आपापल्या दारांत उभ्या राहिल्या. ओझेलानं थर्मनला रविवारचा सूट चढवला, हॅट घातली, दाढी तिनं स्वतः केली. मग दार उघडलं, लोखंडी पत्रा टाकला आणि खुर्ची उलटी फिरवली.

"उलटी का?" थर्मन म्हणाला.

"उतारावर खुर्ची उलटीच न्यायची असते. नर्सनं शिकवलंय. आणि बस उलटी घेण्यात माझ्यासारखा हात ह्या जिल्ह्यात कुणाचा नाही."

"पाठ करून नाही. तोंड पुढं."

"थर्मन, तू पडशील."

"तोंड पुढं, ओझेला."

दारातच दोघांची जुंपली. फाटकापाशी घरं बघायला आलेले लोक थांबून बघायला लागले. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी ओझेलानं दात ओठ खाऊन खुर्ची फिरवली. डीकन हर्शेल पुढं उलटे चालत, हात त्याच्या गुडघ्यांवर. मी एका बाजूनं, ओझेला मागून अंगाचा सगळा भार मागं टाकून. खुर्ची पत्र्यावरून धडधडली आणि मातीवर आली. माती हलली नाही. वळणावर थर्मननं डावा हात उचलला, आम्ही घाबरलो, तर तो फक्त हॅट सरळ करत होता.

फाटकाशी आलो तर एक बाई, हातात छापील नकाशा, वाकून विचारते, "हे घर बघायच्या घरांत आहे का हो?"

ओझेला नाही म्हणायच्या बेतात होती.

"आहे," थर्मन म्हणाला.

"कुणाचं घर?" तिनं पेन्सिल काढली. दिवसभर तिला न्यायाधीशांची आणि सेनापतींची नावं ऐकायला मिळाली असणार.

"माझं."

रस्त्यापलीकडून मिस ऑगस्टा आल्या, एवढा मोठा निळा झगा, काठी. त्या थर्मनशी नाही बोलल्या, ओझेलाशीही नाही. उताराच्या तोंडाशी उभ्या राहिल्या, बुटाची टाच मातीत रोवून बघितली. रुतली नाही. मग वरपर्यंत सगळं बघितलं, कोलार्डसुद्धा.

"बाग आहे," त्या डॉनीला म्हणाल्या. आणि मग, "थर्मन, आज ऊन छान आहे." थर्मननं हॅटला बोट लावलं.

मी म्हटलं झालं. मला बसायचं होतं, कंबर गेली होती. पण थर्मन म्हणाला, "वर घ्या."

"दमलास?" ओझेलानं विचारलं.

"वर घ्या."

आम्ही ढकलत, धापा टाकत वर नेलं. दारातून आत. त्यानं स्वतःच्या डाव्या हातानं दार लावून घेतलं. आम्ही तिघं अंधाऱ्या खोलीत घाम पुसत उभी.

"उघड," तो म्हणाला.

पुन्हा पत्रा, पुन्हा वळण, पुन्हा फाटक. आता लोकांची रांग लागली होती, त्यांना वाटलं असावं हे दर तासाला असतं. फाटकाला हात लावून थर्मन म्हणाला, "वर." वर नेला, दार लागलं, आणि डीकन हर्शेल भिंतीला टेकतात तोच, "उघड."

तिसऱ्या वेळी फाटकाशी ओझेलानं खुर्चीचा ब्रेक ओढला आणि त्याच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. केस विस्कटलेले, रविवारच्या कपड्यांवर लाल मातीचे हात उमटलेले.

"अरे थर्मन, किती वेळा रे?"

थर्मननं तिच्याकडं वर बघितलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ज्या बाजूला ते कळत नव्हतं त्या बाजूनं ते हनुवटीपर्यंत आलं होतं.

"चाळीस वर्षं, ओझेला," तो म्हणाला. "अजून पुष्कळ बाकी आहे."

ओझेलानं बाहीनं आधी त्याची हनुवटी पुसली, मग स्वतःचं तोंड. ब्रेक सोडला.

"अर्लीन," ती म्हणाली, "तिकडून धर."

मी धरलं.